अकरा सेंटिमीटर

सुरुवातीलाच एक गणित घालते. कंटाळू नका, पीएलमध्ये याहून वाईट गणितं आपण रात्री दोन वाजता सोडवलेली आहेत. ज्याच्या डोळ्याचा नंबर मायनस ९ आहे, त्याला चष्म्याशिवाय किती लांबपर्यंत स्वच्छ दिसेल? उत्तर सोपं आहे. १ भागिले ९, म्हणजे ०.११ मीटर. अकरा सेंटिमीटर! मेसमधला चमचा याहून लांब असतो. त्याच्या पलीकडचं सगळं जग म्हणजे पावसात भिजलेली ड्रॉईंग शीट.

हा नंबर माझा आहे. दोन्ही डोळ्यांचा मायनस ९, वर मायनस २.७५ चा सिलिंडर, ॲक्सिस १८०. आता त्याच गणिताचा ‘ब’ भाग. आरशातली प्रतिमा आरशाच्या मागे तितक्याच अंतरावर असते हे आपण शाळेत शिकलो. म्हणजे मला माझा स्वतःचा चेहरा चष्म्याशिवाय बघायचा, तर आरशापासून साडेपाच सेंटिमीटरवर जायला हवं. तेवढ्या जवळ गेल्यावर चेहरा दिसत नाही, एक डोळा आणि अर्धं नाक दिसतं. थोडक्यात, वयाच्या एकोणिसाव्या वर्षापर्यंत मी माझा अख्खा चेहरा आरशात चष्म्याशिवाय कधी पाहिलाच नव्हता. फोटोत पाहिला होता, पण चष्मा काढला की कॅमेरा कुठे आहे तेच मला कळत नाही, त्यामुळे त्या फोटोंबद्दल न बोललेलंच बरं.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आमच्या हॉस्टेलात कॉन्टॅक्ट लेन्सवरून दोन पार्ट्या आहेत. एक पार्टी म्हणते, लेन्स म्हणजे निव्वळ नखरे. चष्मा असताना डोळ्यात बोट घालायची गरजच काय? दुसरी पार्टी म्हणते, लेन्स लावली की प्रॉब्लेम सॉल्व्ह, चष्मा फेकून द्या. मी दोन्ही पार्ट्यांमध्ये राहून आले आहे आणि दोन्ही पार्ट्या चुकतात असं माझं मत आहे. मत फुकटात मिळालेलं नाही. उजव्या डोळ्यात त्याची पावती आहे. ते पुढे येईलच.

मी मूळची मालवणची. बाबांची होडी आहे, सीझनला ते पर्यटकांना सिंधुदुर्ग किल्ल्यावर नेतात-आणतात. मी चौथीत असताना मला पहिला चष्मा लागला आणि पुढे दरवर्षी काच जाड होत गेली. आजी म्हणायची, “गो, ह्या बाटलेच्या बुडान तुका दिसता तरी काय?” शाळेत ‘ढापणी’, ज्युनियर कॉलेजात ‘सोडावॉटर’, आणि इथे इंजिनिअरिंगला आल्यावर ‘टोटल इंटर्नल रिफ्लेक्शन’. टोपणनावाची पातळी शिक्षणाबरोबर वाढत गेली एवढंच. आईला वेगळीच काळजी. “लेन्स लाव गो, उद्या कोणी बघायला येतील तेव्हा काय करशील?” मी लेन्स घ्यायला तयार झाले त्यात आईच्या या वाक्याचा वाटा शून्य आहे असं मी सगळीकडे सांगते.

पहिली लेन्स घेतली ती एका शहरातल्या एका दुकानातून. नावं लिहीत नाही. काउंटरवरच्या माणसाने माझ्या चष्म्याचा कागद बघितला, मागे वळला आणि मायनस ९ ची दोन पाकिटं समोर ठेवली. डोळा तपासला नाही, लेन्स डोळ्यावर कशी बसते ते बघितलं नाही, सिलिंडरचं विचारलं तर म्हणाला, “त्याचं काय एवढं नसतं, सवय होईल.”

सवय झाली नाही. एम-थ्रीच्या लेक्चरला फळ्यावरची वजाबाकीची खूण आणि बरोबरची खूण मला सारखीच दिसायला लागली. दोन्हींच्या जागी एक आडवा पुसट पट्टा! नोटीस बोर्डावर तर मजाच. अक्षरांचे काने उभे, कडक, छापल्यासारखे, आणि शिरोरेषा गायब. ‘घ’ आणि ‘ध’ एक, ‘भ’ आणि ‘म’ एक. ‘भरत’ आणि ‘मरत’ यात फरक न दिसणाऱ्या मुलीने नोटीस वाचून कुठल्या हॉलमध्ये परीक्षेला जायचं? संध्याकाळपर्यंत डोकं ठणकायचं.

असं का व्हायचं ते मला नंतर कळलं आणि आपल्या सगळ्यांनाच समजण्यासारखं आहे. सिलिंडर म्हणजे काय, तर डोळ्याची वक्रता सगळ्या दिशांना सारखी नसते. चेंडू आणि रग्बीचा चेंडू यात जो फरक, तो. माझ्या डोळ्यात आडव्या दिशेला मायनस ९ आहे आणि उभ्या दिशेला मायनस ११.७५. एकाच नंबरची गोल लेन्स लावली की एक दिशा जुळते, दुसरी सुटते. माझी उभी दिशा सुटली होती, म्हणून प्रत्येक बिंदू वर-खाली फासला जायचा आणि आडव्या रेषा पुसल्या जायच्या. देवनागरी वाचणाऱ्याला हे फार जाचतं, कारण आपली अख्खी लिपी एका आडव्या रेषेला टांगलेली आहे.

गंमत बघा. या दोषाचं पहिलं नीट वर्णन १८०१ साली ज्याने केलं त्याचं नाव तुम्ही फर्स्ट इयरपासून घोकताय : थॉमस यंग. होय, यंग्ज मॉड्युलसवाला. त्याने स्वतःच्याच डोळ्यावर प्रयोग केले. डोळ्यासमोर पाणी आणि भिंग धरून बुबुळाच्या पुढच्या पारदर्शक पडद्याची, म्हणजे कॉर्नियाची, ताकद त्याने रद्दच करून टाकली, आणि तरीही दोष उरतो हे पाहिलं. म्हणजे त्याचा सिलिंडर आतल्या भिंगात होता. पुढे १८२५ च्या सुमारास हा दोष घालवणारी दंडगोल काच स्वतःच्या डोळ्यासाठी करून घेतली ती जॉर्ज एअरीने. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या पुढे जाऊन इलॅस्टिसिटी शिकणाऱ्यांना एअरीचं स्ट्रेस फंक्शन भेटलं असेलच, तोच हा. ओरलला एक्स्टर्नलने यंगबद्दल विचारलं तर हे सांगून बघा, मार्क मिळतील की नाही याची गॅरंटी मात्र नाही.

त्या दुकानाच्या लेन्सनंतर कुडाळला एका डॉक्टर मॅडमकडे गेले. त्यांनी माझा कागद हातात घेतला आणि पहिल्यांदा विचारलं, “इंजिनिअरिंगला आहेस ना? मग सांग, चष्मा डोळ्यापासून किती लांब असतो?” साधारण १२ मिलिमीटर. बस, सगळा फंडा त्या १२ मिलिमीटरचा आहे. चष्म्याची काच डोळ्यापासून लांब असते, लेन्स डोळ्यावरच बसते, त्यामुळे दोघींचा नंबर एक नसतो. लेन्सचा नंबर = चष्म्याचा नंबर ÷ (१ − अंतर × नंबर), अंतर मीटरमध्ये. माझे मायनस ९ भागिले १.१०८, आले मायनस ८.१२. उभ्या दिशेचे मायनस ११.७५ भागिले १.१४१, आले मायनस १०.३०. म्हणजे नंबर कमी झालाच, पण फरक काढा, सिलिंडरसुद्धा २.७५ वरून २.१८ वर उतरला! तयार टॉरिक लेन्समध्ये सिलिंडर २.२५ पर्यंत सहज मिळतो. म्हणून मला मायनस ८, सिलिंडर मायनस २.२५ अशी लेन्स बसली. दुकानदाराने दिलेली मायनस ९ आडव्या दिशेला जास्त होती, उभ्या दिशेला कमी होती. दोन्हीकडून चूक! नंबर दीड-दोन असेल तर हा फरक नगण्य असतो, म्हणून लहान नंबरवाल्या मैत्रिणींना माझी तक्रार कळत नाही. मोठ्या नंबरला कळते.

टॉरिक शब्द ‘टोरस’वरून आला आहे. टोरस म्हणजे मेदूवडा. वड्याच्या बाहेरच्या कडेवर एका दिशेला एक वक्रता, दुसऱ्या दिशेला दुसरी. पण वडा डोळ्यात फिरला तर? चष्म्याची काच फ्रेममध्ये गच्च असते, लेन्स अश्रूंवर तरंगते. ती १० अंश फिरली की सिलिंडरचा तिसरा हिस्सा परत येतो, ३० अंश फिरली की सिलिंडर दुरुस्त करून न करून सारखंच. म्हणून या लेन्सचा खालचा भाग मुद्दाम किंचित जाड ठेवतात, होडी डोलू नये म्हणून तळाला वजन ठेवावं तसा. तरी सुद्धा कॉटवर कुशीवर पडून वाचलं की मला अजून अक्षरं क्षणभर हलताना दिसतात. दोन-तीन वेळा पापणी मिटली की लेन्स जागेवर येते. (कुशीवर पडून वाचू नये हा त्यावरचा खरा उपाय, पण हॉस्टेलात खुर्च्या किती आणि आम्ही किती!)

सिलिंडर फार मोठा असेल किंवा कॉर्निया वेडावाकडा असेल, तर या मऊ लेन्सऐवजी कडक लेन्स देतात. ती स्वतःचा आकार सोडत नाही, तिच्या आणि कॉर्नियाच्या मधली फट अश्रूंनी भरते आणि कॉर्नियाचा ओबडधोबडपणा त्या पाण्यातच विरतो. यंगची युक्तीच एका परीने. दृष्टी फार छान येते म्हणतात, पण चिऱ्याच्या खाणीची लाल धूळ एकदा खाली शिरली की डोळ्यातून गंगा-यमुना. आमच्या सिव्हिलच्या एका सरांना विचारा.

तर, नीट तपासून दिलेली टॉरिक लेन्स लावली तो दिवस. काय बदललं? मी तेव्हा नोंद करून ठेवली होती, ती सांगते.

पहिलं म्हणजे जग मोठं झालं. मायनसची काच सगळं लहान करून दाखवते. माझ्या नंबरला लेन्सच्या तुलनेत साधारण दहा टक्के लहान. दहा टक्के म्हणजे काही विशेष नाही असं वाटेल, पण चार्टवर चष्म्याने मला ६/९ पर्यंत वाचता यायचं, लेन्सने ६/६ ची ओळ वाचता आली. त्या दिवशी मी ती ओळ दोनदा वाचली. मॅडम म्हणाल्या, “कळलं, पुढे बघ.” मग कडा. जाड चष्म्याच्या कडेने बघितलं की वस्तू आपल्या जागेवर दिसत नाही. मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूने बघितलं तर मायनस ९ ची काच एक मीटरवरची वस्तू ९ सेंटिमीटर सरकवून दाखवते. म्हणून जाड चष्मेवाले डोळे फिरवत नाहीत, घुबडासारखी मान फिरवतात. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, त्यामुळे हा भाग जवळजवळ संपतो. ड्रॉईंगच्या शीटवर सरळ मारलेली रेघ कडेला जाऊन वाकायची, ती सरळ झाली. फर्स्ट इयरला मी जीटी मारताना (सरांनी हे वाक्य वाचू नये) काचेखालचा ट्यूबलाईट मला पोट सुटल्यासारखा दिसायचा, आता ट्यूबलाईट ट्यूबलाईटसारखा दिसतो.

सगळंच सुखाचं नव्हतं. आठवडाभर भिंतीवरचं घड्याळ किंचित उभट दिसलं, कारण इतकी वर्षं काच ते चपटं करत होती आणि मेंदू ते गुपचूप गोल करून घेत होता. जिन्याच्या पायऱ्या जवळ आल्यासारख्या वाटायच्या, दोनदा धडपडले. आणि एक गोष्ट आपल्या प्राध्यापक मंडळींसाठी : मायनसच्या चष्म्यातून जवळचं वाचायला डोळ्याला कमी जोर लागतो, लेन्समधून जास्त लागतो. चाळिशीच्या आसपास लेन्स घेणाऱ्याला वाचायचा त्रास चष्म्यापेक्षा आधी जाणवतो. जे सर चष्मा कपाळावर चढवून जर्नल तपासतात त्यांना लेन्सवर ती सोय राहणार नाही. आमच्या जर्नल्सच्या दृष्टीने हे फायद्याचं की तोट्याचं ते ठरवता येत नाही.

आणि आरसा. लेन्स लावून मी आरशासमोर हातभर अंतरावर उभी राहिले. चष्म्यातून डोळे लहान दिसतात, हे मी दुसऱ्यांचे बघून जाणत होते. माझे डोळे आजीसारखे आहेत हे मला कोणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तर मी ऐकलं नव्हतं. यापेक्षा जास्त लिहीत नाही.

तेव्हा नखरेवाल्या पार्टीला माझं सांगणं एवढंच : मोठा नंबर आणि सिलिंडर असणाऱ्या माणसाला लेन्स खरोखर वेगळी नजर देते. पहिली काचेची लेन्स डोळ्यावर बसवण्याचे प्रयोग झाले ते १८८० च्या दशकात. जर्मनीत कील विद्यापीठात ऑगस्ट म्यूलर नावाचा मेडिकलचा विद्यार्थी होता, त्याचा स्वतःचा नंबर मायनस १४. १८८९ च्या प्रबंधासाठी त्याने स्वतःच्या डोळ्यासाठी काचेची लेन्स करून घेतली, डोळा बधिर करून ती लावली आणि अर्ध्या तासाच्या आसपास टिकला. आणि आपण वापरतो ती मऊ लेन्स? १९६१ च्या नाताळात चेकोस्लोव्हाकियातल्या ओटो विख्तर्ले या रसायनशास्त्रज्ञाने घरातल्या टेबलावर, मुलांच्या मेकॅनो-छाप खेळण्याचे भाग आणि सायकलचा डायनॅमो जोडून केलेल्या यंत्रावर ती ओतली. मिनी प्रोजेक्टला ‘सामान मिळत नाही’ म्हणणाऱ्यांनी हे वाक्य परत वाचावं.

आता दुसरी पार्टी. चष्मा फेकून द्या वाली. इथे मला माझीच गोष्ट सांगायला हवी.

लेन्स लागून चार महिने झाले होते. दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले. मी समुद्राकाठची मुलगी, पोहायला लहानपणापासून येतं, पण चष्मा काठावर ठेवून पाण्यात शिरायचं म्हणजे अकरा सेंटिमीटरच्या खोलीत शिरायचं. किल्ला कुठे, किनारा कुठे, बाबांची होडी कुठली, काही कळत नाही. आवाजावर पोहायचं. त्या संध्याकाळी मी चिवल्याच्या किनाऱ्यावर लेन्स घालूनच पाण्यात शिरले. नको म्हणून मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं. मला पाण्यातून बघायचं होतं. आणि दिसलं! लांबच्या होड्या, माड, किनाऱ्यावर उभी असलेली आई, तिच्या हातातली पिशवीसुद्धा. तासभर बाहेर आले नाही. घरी येऊन जेवले, दमले होते, तशीच झोपले. लेन्स डोळ्यात.

दुसऱ्या दिवशी एसटीने हॉस्टेलला आले तोवर उजवा डोळा लाल. मैत्रिणी म्हणाल्या, डोळे आलेत. एका सीनियरने स्वतःचा उरलेला ड्रॉप दिला, तो मी घातला. त्यात स्टेरॉइड होतं हे नंतर कळलं. जंतूंच्या जखमेत तपासणीशिवाय स्टेरॉइड म्हणजे आगीत रॉकेल. रात्री ट्यूबलाईटकडे बघवेना. सकाळी रविवार. बाहेर जायला सही हवी, सही करणारं कोणी जागेवर नाही, घरी फोन करून परवानगी कळवा म्हणाले, बाबा होडीवर. अर्धा दिवस त्यात गेला. दुपारी दुखणं असं होतं की मी सहीशिवायच निघाले.

मॅडमनी डोळ्यात पिवळा रंग टाकून निळा दिवा धरला. कॉर्नियावर पांढरा ठिपका, अल्सर. त्यांनी तीन प्रश्न विचारले. पाण्यात गेली होतीस? हो. लेन्स घालून झोपलीस? हो. डबी कशाने धुतेस? बेसिनच्या नळाने. त्यांनी काही बोलल्या नसत्या तर बरं झालं असतं असं वाटण्याइतक्या शांतपणे त्या म्हणाल्या, “डबी पण घेऊन यायची होतीस, तपासायला पाठवली असती.” जखम खरवडून नमुना घेतला, लॅबमधून नाव आलं स्युडोमोनास. ओल्या जागी राहणारा हा जंतू, लेन्सवाल्यांच्या डोळ्यात सर्वात जास्त सापडणाऱ्यांपैकी एक. तो थांबला नाही तर एक-दोन दिवसांत कॉर्नियाला भोक पाडू शकतो.

औषध म्हणजे ड्रॉप. दर तासाला, दिवस-रात्र. पहिले दोन दिवस एकही तास चुकवायचा नाही. माझ्या दोन रूममेट, एक सिव्हिलची, एक ईएनटीसीची. सिव्हिलवालीने भिंतीवर बारचार्ट लावला, रात्री अकरा ते तीन ती, तीन ते सात दुसरी. अलार्म वाजायचा, कोणीतरी माझी पापणी खाली ओढायचं, ड्रॉप, पुन्हा अंधार. ईएनटीसीवालीची त्याच आठवड्यात ओरल होती. ती पहाटे चार वाजता टॉर्चवर नोट्स वाचायची आणि पाचच्या ठोक्याला माझ्या डोळ्यात ड्रॉप घालायची. मी या दोघींना नावानिशी धन्यवाद देणार होते, पण त्यांनी धमकी दिली आहे.

डोळा वाचला. ठिपक्याच्या जागी फिकट डाग राहिला, बाहुलीच्या कडेला. आता लेन्स लावूनही उजव्या डोळ्याने मी ६/९ वाचते. लेन्सने दिलेली ओळ मीच समुद्रात घालवून आले.

म्हणून पाण्याबद्दल जरा सविस्तर. आपल्याला वाटतं घाण पाणी वाईट, स्वच्छ पाणी चांगलं. लेन्सच्या बाबतीत तसं नाही. अकांथामिबा नावाचा एक जीव नळात, विहिरीत, समुद्रात, मातीत सगळीकडे असतो. प्यायलो तर सहसा काही करत नाही. पण लेन्सला चिकटून कॉर्नियावर पोचला तर महिनोन्‌महिने ठाण मांडतो, कारण संकट आलं की तो दुहेरी भिंतीचं कवच करून आत बसतो आणि क्लोरीनलाही दाद देत नाही. सिंधुदुर्ग किल्ल्यावर दूधबाव, दहीबाव, साखरबाव आहेत, चहूबाजूंनी खारा समुद्र आणि आत गोडं पाणी. त्या पाण्याचा मला अभिमान आहे, पण लेन्स त्यातही धुवायची नाही. फिल्टरचं नाही, बाटलीतलं नाही, उकळलेलंही नाही. आणि ‘आम्ही लेन्स लावत नाही, आम्हाला काय’ असं म्हणणाऱ्यांनीही ऐकावं. आपल्या देशात या अमिबाचे रुग्ण तपासले गेले तेव्हा बहुतेक जण लेन्स न वापरणारेच निघाले. डोळ्यात माती-कचरा गेलेले, डोळे कसल्याही पाण्याने धुतलेले. आपल्या हॉस्टेलची टाकी शेवटची कधी धुतली ते कोणाला माहीत असेल तर कळवावं.

लेन्सचं द्रावणसुद्धा देवाचं तीर्थ नाही. २००६ साली एका बड्या कंपनीचं द्रावण बुरशीच्या संसर्गामुळे जगभरातून मागे घ्यावं लागलं, आणि २००७ साली दुसऱ्या कंपनीचं अकांथामिबामुळे. तेव्हा काल उरलेल्या द्रावणात आज थोडं नवीन घालून डबी भरणाऱ्यांनो (मीही त्यातलीच होते), रोज ओता, रोज नवीन भरा, डबी पालथी सुकवा.

झोपेचंही तसंच. कॉर्नियात रक्तवाहिन्या नसतात, तो प्राणवायू थेट हवेतून घेतो. वर लेन्स आणि त्यावर मिटलेली पापणी म्हणजे दोन गाद्यांखाली श्वास घेणं. मायनसची लेन्स मध्ये पातळ आणि कडेला जाड, टॉरिक तर खालीही जाड, म्हणजे जितका नंबर मोठा तितकी हवा कमी. १९९० च्या दशकाच्या शेवटी सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स आल्यापासून हे पुष्कळ सुधारलं, तरी झोपायची मुभा आपल्याला आहे असं समजू नये.

गॅदरिंगच्या रंगीत लेन्सबद्दल तर मला रागाने लिहावं लागेल. गेल्या गॅदरिंगला एकच निळी जोडी चार जणींच्या डोळ्यांत फिरलेली मी पाहिली. मेकअप रूममध्ये, नळाखाली धुऊन! टूथब्रश आपण कोणाला देत नाही. मी मध्ये बोलले तर म्हणाल्या, “तुझं झालं म्हणून सगळ्यांचं होतं का?” नाही होत. माझंही चार महिने झालं नव्हतं.

सगळ्यात शेवटची गैरसमजूत म्हणजे ‘लेन्स लावली, नंबर गेला’. कुठेही जात नाही. माझा डोळा पुढून मागे लांब आहे. एक मिलिमीटर लांबी म्हणजे अडीच ते तीन नंबर, या हिशेबाने माझा डोळा तीनेक मिलिमीटर जास्त लांब आहे. तेवढ्या जास्त जागेवर आतला पडदा ताणून बसवलेला आहे. लेन्स लावा, लेझर करा, चार्टवरची शेवटची ओळ वाचा, पडदा ताणलेला तो ताणलेलाच. म्हणून वर्षातून एकदा बाहुली मोठी करून पडदा तपासून घ्यायचा. डोळ्यासमोर अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं, कडेने पडदा पडत आल्यासारखं वाटलं, तर सबमिशन सोडून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. मायनस ६ च्या पुढच्या प्रत्येकाला हे लागू आहे, लेन्स असो वा नसो. हॉस्टेलात मी सहज मोजलं, आमच्या मजल्यावरच आम्ही चौघी आहोत.

सहा महिन्यांनी मॅडमनी परत लेन्सची परवानगी दिली. आता रोज नवीन, रात्री टाकून द्यायची अशी वापरते, तीही प्रॅक्टिकल, ड्रॉईंग आणि वर्कशॉपच्या दिवशी. बाकी वेळ चष्मा. आधी मी लेन्सच्या जोरावर चष्म्याचा नंबर दोन वर्षं तपासलाच नव्हता. आजारपणात जुन्या चष्म्यातून पेपर लिहायची पाळी आली तेव्हा त्याची किंमत कळली. आईला सांगितलंय, बघायला येणाऱ्यांनी चष्म्यातच बघायचं. पाण्यात जायला नंबरचे पोहायचे गॉगल घेतले आहेत. त्यात सिलिंडर मिळत नाही, त्यामुळे किल्ल्याची तटबंदी थोडी फासल्यासारखी दिसते. पण किल्ला कुठे आहे ते कळतं आणि बाबांची होडी रंगावरून ओळखू येते.

राहिला हॉस्टेलचा प्रश्न. आम्ही चौघींनी मिळून रेक्टर मॅडमना अर्ज दिला आहे. दोनच मागण्या. संडास-बाथरूमपासून वेगळं, कॉरिडॉरमध्ये एक बेसिन, त्यावर दिवा आणि साबण, म्हणजे हात धुऊन, पुसून लेन्स लावता येईल. आणि लेन्सवालीचा डोळा लाल होऊन दुखत असेल तर तिला सहीशिवाय, रविवारीसुद्धा, दवाखान्यात जाऊ द्यावं, सोबत एकीला पाठवावं. अर्ज जुलैमध्ये दिला. परवा ऑफिसात गेले होते तेव्हा तो टेबलावरच्या ट्रेमध्ये वरून तिसरा होता. माझ्या अक्षरातली शिरोरेषा मी लांबूनच ओळखली.